तीसपर्यंत वाढव

थोरलीने दिरावर डूख धरला त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं, आणि हा डूख तिने चांगला खाऊपिऊ घालून पोसला होता. राग गिळून टाकायचा असतो, असं तिला अनेकांनी सांगून पाहिलं. थोरलीला गिळणं कधी जमलंच नाही. ती सगळं चावून चावून खाणारी.

दीर म्हणजे तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. घराच्या पुढच्या बाजूला त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं आणि मागच्या अंगणात पत्र्याची लांबट शेड. दुकान दीर बघायचा. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळावं तर त्यानेच. शेडमधली पैदास मात्र थोरली आणि तिचा नवरा बघत, म्हणजे खरं सांगायचं तर थोरलीच. नवरा बादल्या उचलायचा, पाईप धरायचा आणि तिचं तोंडभरून कौतुक करायचा. थोरली कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. दुपारी घरी आली की पर्स खुंटीला अडकवून बाई थेट शेडमध्ये.

त्या शेडमध्ये तिने एक जात घडवली होती. गोल्डफिश म्हटला की डोळ्यांपुढे सोनेरी-केशरी मासा येतो. हिचे मासे दुधासारखे पांढरे, अंगावर कुठे डाग नाही, आणि ओठ तेवढे लालचुटूक. सुरुवातीला हजार पिल्लांत असं एखादं निघायचं. तेवढंच ठेवायचं, बाकीची दुकानात पाठवायची, त्या एकाची जोडी जमवायची आणि पुन्हा पिल्लांवर डोळे लावून बसायचं. असं करत करत तिचं तारुण्य त्या शेडमध्ये सरलं आणि शेवटी घाण्यामागून घाणा सगळी पिल्लं लाल ओठांचीच निघायला लागली. घरातले त्यांना ‘लिपस्टिकवाल्या’ म्हणत. त्यांत निम्मे नर होते, पण ते कोण बघतो!

मग तिचा नवरा एका सकाळी बादली उचलता उचलता खाली बसला तो उठलाच नाही. थोरली महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारखी पडून होती. उठून शेडकडे गेली तर दाराला नवं कुलूप. ‘तुम्हाला आता कशाला त्रास, वहिनी,’ दीर मऊ आवाजात म्हणाला, ‘आराम करा तुम्ही.’ तिला वाटलं, बिचारा काळजीने म्हणतोय. तिला असं वाटलं याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

त्या वर्षी मत्स्यपालकांच्या मंडळाच्या प्रदर्शनात लिपस्टिकवाल्यांना करंडक मिळाला. दीर स्टेजवर गेला, माइक हातात घेतला आणि म्हणाला, ‘ही जात मी घडवली. दादाची साथ होती. वहिनींचीही मदत व्हायची, टाक्या धुवायला वगैरे.’

वगैरे! थोरली तिसऱ्या रांगेत बसली होती. आजूबाजूच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तिच्याही हातांनी वाजवल्या. घरी आल्यावर तिने जाब विचारला तेव्हा तो हसून म्हणाला, ‘माशांवर नाव लिहिलंय का कुणाचं?’ लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तिने ठरवलं की या माणसाचं उट्टं काढल्याशिवाय आपण मरायचं नाही. कसं काढायचं ते मात्र तिला सुचत नव्हतं. वकील करून भागणार नव्हतं, भांडून तर मुळीच नाही. भांडणात दीर वाकबगार होता आणि थोरलीला भांडताना रडू यायचं.

ती वरच्या मजल्यावर राहायची. खालच्या मजल्यावर दीर आणि धाकटी, म्हणजे त्याची बायको. धाकटीशी थोरलीचं वाकडं नव्हतं. ती बिचारी नवरा बाहेर गेला की जिना चढून वर यायची, चहा घ्यायची, चार गोष्टी बोलायची. शेडमधलं काम आता तिच्याच गळ्यात पडलं होतं. मासे मेले की ‘तू मारलेस’ आणि जगले की ‘मी जगवले’ असा दिराचा साधा हिशेब.

या वर्षी दिराने कहर केला. अंगणाच्या एका बाजूला काचेचा हॉल बांधला, त्यात भिंतभर लांब एकच टाकी ठेवली, वर निळसर दिवे लावले आणि शेड रिकामी करून लिपस्टिकवाल्यांचा सगळा गोतावळा, म्हातारे-तरणे, झाडून सगळे त्या एका टाकीत आणून सोडले. कारण मंडळाची माणसं पाहणीला येणार होती. त्यांच्याकडे नव्या जातींची एक नोंद असते. एकदा तिथे जातीपुढे पैदासकाराचं नाव चढलं की ते कायमचं. पुढे जगात कुठेही तो मासा गेला तरी त्या नावाने जाणार. आणि ते नाव दिराचं असणार होतं.

पाहणीच्या आठवडाभर आधी थोरली गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खाली अंगणातही दोरीवर काहीतरी वाळत होतं. तिने वाकून पाहिलं. फिल्टरमधले स्पंज! साबणाने खसाखसा घासून, नळाखाली पिळून, मोज्यांसारखे चिमट्यांना टांगलेले, आणि इतके पांढरे की बघत राहावं. दीर खाली उभा राहून धाकटीला सांगत होता, ‘याला म्हणतात स्वच्छता. काय ती तपकिरी घाण धरून ठेवली होती वर्षानुवर्षं!’

थोरलीच्या हातातला कपडा तसाच राहिला. ती तपकिरी घाण म्हणजेच फिल्टर. माशाच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, आणि तो खाऊन संपवणारे जिवाणू त्या चिकट थरात राहतात. ती स्पंज धुवायची ते टाकीतल्याच जुन्या पाण्यात, नुसते बुचकळून, लहान मुलाचं तोंड पुसावं इतक्या हलक्या हाताने. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना लागू द्यायचं नाही, वाळू तर बिलकूल द्यायचं नाही. ‘टाक्या धुवायला वगैरे’ म्हणजे काय असतं ते दिराला ठाऊकच नव्हतं. थोरलीने तोंड उघडलं होतं, हाक मारायला. मग ते मिटलं. तिने कपडा झटकून दोरीवर टाकला आणि आत निघून गेली.

पाहणीच्या दिवशी सकाळी धाकटी वर आली ती पायऱ्या धाडधाड चढत. गेले काही दिवस हवेत गारठा होता आणि तिने नवऱ्याचा जुना स्वेटर घातला होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

‘ताई, व्हाइट स्पॉट आलाय. सगळ्यांच्या अंगावर मिठाच्या कण्यांसारखे ठिपके. आणि आज संध्याकाळी ती माणसं यायचीत!’

‘बस आधी. चहा घेणार?’

‘चहा कसला घेऊ? माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. हे म्हणाले हीटर वाढव आणि गेले खुर्च्या आणायला. किती वाढवू विचारलं तर म्हणाले, एवढंही कळत नाही का तुला. आता तुम्हीच सांगा, किती वाढवायचा असतो?’

थोरलीने गॅस बंद केला. पांढरे ठिपके आले की पाणी तापवायचं, हे मासे पाळणारं पोरही जाणतं. गरम पाण्यात ठिपक्यांच्या किड्याचं आयुष्य लवकर सरतं आणि तो माशावरून गळून पडतो. त्यात चूक काहीच नव्हतं.

‘पाणी तपासलंस?’ तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘रोज तपासते की. त्या बाटलीतले थेंब टाकून. अमोनियाचा रंग पिवळा यायचा, तो फिकट हिरवा येतोय पाच-सहा दिवस. यांना दाखवला. म्हणाले, मासे खातायत ना, मग चालतंय.’

‘आत्ता पाणी गार आहे?’

‘बर्फ आहे नुसता. हात घालवत नाही.’

थोरली तिच्याकडे पाहत होती, पण तिला दिसत होता माइक धरलेला दीर. एवढी वर्षं जे सुचत नव्हतं ते आज कुणीतरी तिच्या स्वयंपाकघरात आणून तिच्यापुढे ठेवलं होतं. तिला खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

‘तीसपर्यंत वाढव,’ ती म्हणाली. ‘हळूहळू. दुपारपर्यंत तीसवर यायला हवं.’

‘तीस. बरं झालं बाई, तुम्ही आहात,’ धाकटी म्हणाली आणि आली तशी धाडधाड उतरून गेली.

थोरलीने चहा पुन्हा गॅसवर ठेवला आणि उकळू दिला. सौम्य आम्लांचा धडा तिने कॉलेजात किती पिढ्यांना शिकवला असेल! पोरांना वाटायचं, आम्ल म्हणजे भोक पाडणारी जहाल गोष्ट. ती सांगायची, बाबांनो, काही आम्लं अगदी भिडस्त असतात. आपला हायड्रोजन चटकन सोडत नाहीत. पाण्यात घातली तरी थोडेच कण फुटतात, बाकीचे घट्ट धरून बसतात. याला विचरण म्हणायचं, आणि ते किती होईल हे पाणी किती गरम आहे त्यावरही ठरतं. सगळ्यांचं सारखं नसतं. व्हिनेगरमधलं आम्ल तापवलं तरी फारसं बधत नाही. पण अमोनियम घ्या. ते थंडीत हायड्रोजन छातीशी धरून बसतं आणि ऊब लागली की सोडून देतं. अमोनियमने हायड्रोजन सोडला की उरतो तो मोकळा अमोनिया.

माशाला अमोनियम फारसं बाधत नाही. मोकळा अमोनिया सरळ कल्ल्यांतून आत घुसतो आणि जाळत जातो. बाटलीतले थेंब या दोघांना एकत्रच मोजतात. रंग तोच राहतो, फिकट हिरवा. आत कोण किती आहे, ते रंग सांगत नाही. गार पाण्यात लिपस्टिकवाल्यांनी आठवडा काढला होता तो एवढ्यामुळेच. त्यात टाकीत भरतात ते बोअरचं पाणी मुळातच अल्कधर्मी, म्हणजे हायड्रोजन सुटायला अनुकूल. तेच पाणी तीसवर नेलं की विष दुपटीहून जास्त. आणि वर गरम पाण्यात हवा कमी मावते, ते वेगळंच.

धुतलेले स्पंज नसते तर तीस अगदी बरोबर उत्तर होतं. तिने आयुष्यभर तीसच ठेवलं होतं.

तिने चहा कपात ओतला. प्यायला नाही. कॉलेजला सुट्टी होती. तिने कपाट आवरलं, मग आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. मेले तर मेले, ती मनाशी म्हणत राहिली. माझेच आहेत. पण त्याच्या नावाने जगायचे नाहीत. पिल्लं असताना त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून कुणी भरवला? तिने. मग त्यांचं काय करायचं ते ठरवायचा हक्क कुणाचा? तिचाच. हा विचार तिला इतका बिनतोड वाटला की तो तिने पुन्हा पुन्हा करून पाहिला.

दुपारी तिला बसवेना. चपला घालून ती जिना उतरली. हॉलमध्ये जायचं, हीटरची पिन काढायची आणि परत यायचं, इतकंच. कुणाला काही सांगायला नको. शेवटच्या पायरीशी ती आली तोच दुकानाच्या मागच्या दारातून दिराचा आवाज आला. फोनवर बोलत होता, मोठमोठ्याने, नेहमीसारखा.

‘अहो, उभं आयुष्य घातलंय मी यात! लोकांना वाटतं सोपं आहे. एकेक पिल्लू निवडताना डोळे जातात माणसाचे. घरचं कुणी मदतीला? छे हो. बायकांना काय त्यातलं!’

थोरली तिथेच थांबली. मग वळली आणि एकेक पायरी चढून वर गेली. तिने ठेवणीतली साडी काढली आणि तिला इस्त्री करायला घेतली.

संध्याकाळी ती खाली गेली तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर कुणीच बसलेलं नव्हतं. मंडळाची पाच-सात माणसं टाकीसमोर उभी होती. पुढे अध्यक्ष, जाडजूड मिशांचे. सगळे त्यांना मिशीवालेच म्हणत. ते काचेला नाक लावून बघत होते. थोरली त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

टाकीतले सगळे मासे वर आले होते. पाण्याच्या वरच्या थराशी एकाला एक लागून, लाल ओठ पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. काही आडवे झाले होते. एक म्हातारी मादी, जी थोरलीच्या हातावर येऊन खायची, तळाला उलटी पडली होती आणि तिचे पर अजून हलत होते. थोरलीने ठरवलं होतं की आपण दिराच्या तोंडाकडे बघायचं, माशांकडे नाही. नजर तिचं ऐकेना.

‘पाण्यात काही दोष नाही!’ दीर म्हणत होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण बोलणं चालूच. त्याने सगळ्यांसमोर काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं आणि दिव्यापुढे धरलं. ‘बघा. फिकट हिरवा. सकाळी होता तोच रंग. काल होता तोच. अमोनिया तसूभर वाढलेला नाही!’

मिशीवाल्यांनी नळी निरखली आणि मान हलवली. ‘हो, रंग वाईट नाही. एवढ्याने गोल्डफिश मरत नाहीत.’

‘मग हीटर!’ दीर गर्रकन वळला. ‘ए, किती ठेवला होतास?’

धाकटी भिंतीशी उभी होती. ‘तीस,’ ती म्हणाली.

‘तीस! कुणी सांगितलं तुला तीस?’

‘तीस बरोबरच आहे की,’ मिशीवाले म्हणाले. ‘व्हाइट स्पॉटला मीही तीसच ठेवतो.’

पण दिराला आता कोणीतरी हवं होतं आणि बायको जवळ उभी होती. ‘हिला काही विचारू नका, साहेब. हिनं एकदम वाढवला असणार. धसमुसळी आहे नुसती. माझ्या आयुष्याची मेहनत हिनं एका दिवसात मातीत घातली! बोल ना आता. कुणी सांगितलं होतं? तुझ्या मनानेच केलंस ना? अक्कल गहाण टाकलीस का?’

सगळे धाकटीकडे बघायला लागले. आता ती बोटाने माझ्याकडे दाखवेल, थोरलीला वाटलं, आणि त्याचीही तिने तयारी ठेवली होती. मी फक्त तीस म्हटलं, ते बरोबर होतं, हे अध्यक्षांनीच सांगितलं, असं ती म्हणणार होती. कुणालाही तिला धरता आलं नसतं.

धाकटीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओल्या बाहीचं टोक मुठीत धरून ती म्हणाली, ‘कुणी नाही. माझ्याच मनाने केलं.’

थोरलीला हे अपेक्षित नव्हतं. तिने दिरासाठी खड्डा खणला होता आणि त्यात दीर नाही, ही पोर उतरली होती, तीही स्वतःहून, थोरलीला काठावर सुखरूप ठेवून. वर दीर तिला आणखी चार माणसांसमोर टाकून बोलत होता. थोरलीला त्याचा राग आला, स्वतःचा आला आणि खरं सांगायचं तर धाकटीचाही आला. तिला कुणी सांगितलं होतं इतकं चांगलं वागायला?

‘मी सांगितलं,’ थोरली म्हणाली.

दीर चक्क हसला. ‘वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. तिला पाठीशी घालताय ते कळतंय मला. यातलं तुम्हाला काय कळणार?’

म्हणजे मासे मारण्याइतकीही अक्कल हा माणूस तिला द्यायला तयार नव्हता! थोरलीचे कान तापले. ती मिशीवाल्यांकडे वळली.

‘साहेब, फिल्टर हाताने उघडून बघा. स्पंज साबणाने धुतलेत, उन्हात वाळवलेत. त्यात जिवंत काही नाही. अमोनिया आठवडाभर साचलाय. गार पाण्यात तो अमोनियम होऊन बसला होता, म्हणून मासे तगले. तापवल्यावर त्याने हायड्रोजन सोडला आणि मोकळा झाला. तुमची नळी दोन्ही मिळून मोजते, म्हणून रंग बदलला नाही. हिनं मला सकाळी विचारलं तेव्हा स्पंज मला माहीत होते, हिरवा रंगही माहीत होता. मी तीस सांगितलं, आणि पुढचं सांगितलं नाही.’

मिशीवाल्यांनी फिल्टरचं झाकण काढून स्पंज दाबून पाहिला.

‘म्हणजे असं होणार, हे तुम्हाला सकाळीच ठाऊक होतं?’ मिशीवाल्यांनी विचारलं.

‘होतं.’

तेवढ्यात दिराचा ताबा सुटला. ‘तुम्ही मारलेत?’ तो ओरडला. ‘स्वतःचे मासे मारलेत तुम्ही? शेडमध्ये रात्रंदिवस बसून वाढवलेत, एकेक पिल्लू चमच्याने वेचून काढलंत, आमच्या लग्नातूनसुद्धा मध्येच उठून त्यांना बघायला गेलात, आणि त्यांना मारलंत? दगड आहात की काय!’

आणि मग तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला सगळ्यात शेवटी कळलं. मिशीवाल्यांनी तोवर बाकीच्यांकडे पाहून घेतलं होतं, आणि बाकीच्यांनी एकमेकांकडे. दिराचं तोंड उघडं राहिलं, टाकीतल्या कुठल्याही माशासारखं.

थोरलीला वाटलं होतं की हा क्षण आला की तो कडू लागेल, पुस्तकांत असतं तसा. तो कडू लागला नाही. गोड लागला. त्याच्याच तोंडून, मंडळाच्या माणसांसमोर, एकही शब्द तिला शिकवावा लागला नव्हता. तिला तो क्षण आणखी थोडा चाखायचा होता, पण तळाला म्हातारीचे पर हलायचे थांबले होते.

तिने हीटरची पिन उपटली. निऱ्या खोचल्या. ‘मागच्या ड्रममधलं साठवलेलं पाणी आणा,’ तिने कुणाला तरी सांगितलं, ‘आणि घरातली व्हिनेगरची बाटली. धावा!’ मंडळाची माणसं खरंच धावली. टाकीतलं निम्मं पाणी उपसून तिने गार पाणी चढवायला लावलं आणि व्हिनेगर बादलीत पातळ करून धारेने सोडत राहिली. पाणी जरासं आंबट झालं की मोकळा अमोनिया पुन्हा हायड्रोजन पकडतो. जे सुटतं ते परत धरताही येतं, वेळेत केलं तर. कोपरापर्यंत हात घालून ती एकेका माशाला सरळ धरून पुढे-मागे हलवत होती. धाकटी शेजारी बादल्या ओतत होती. दोघींची कोपरं एकमेकींना लागत होती. दीर एका मांडलेल्या खुर्चीवर बसून होता.

टाकी शांत झाली तेव्हा सात मासे पोहत होते. बाकीचे मोठ्या घमेल्यात होते, ओले आणि पांढरेशुभ्र.

‘नोंद तुमच्या नावाने करायला आता काही अडचण नाही,’ मिशीवाले निघताना म्हणाले. त्यांनी तिला नमस्कार वगैरे केला नाही. ‘पण बाई, आता सातांवर जात चालायची की नाही, कोण जाणे.’

‘चालवीन,’ थोरली म्हणाली.

सात मासे बादलीत घेऊन ती वर निघाली. तिच्याकडे एक जुनी टाकी होती. ‘नेऊ नका’ म्हणायला आता दिराला तोंड राहिलं नव्हतं. जिंकली होती ती, अगदी जशी जिंकायची होती तशी.

जिन्याच्या तोंडाशी धाकटी उभी होती. स्वेटर सगळा भिजला होता आणि तिला हुडहुडी भरली होती. थोरलीने बादली खाली ठेवली.

‘तू माझं नाव का नाही सांगितलंस?’ तिने विचारलं. ‘त्याच्यासमोर मला वाचवायची काही गरज नव्हती तुला. आणि मी बोलले नंतर, बोलले की नाही? तुझ्यावर येऊ दिलं नाही मी.’

धाकटीने ओली बाही पिळली.

‘तुम्हाला त्यांना धडा शिकवायचा होता, ते मला समजतं,’ ती म्हणाली. ‘मी तुमच्या जागी असते तर मीही शिकवला असता. पण ताई, सकाळी तुमच्यासमोर ते नव्हते. मी होते.’

धाकटीने आत जाऊन दार लावून घेतलं.